पत्र्यावरचे दगड आणि घराचा तोल

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, परभणी आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत मांडणीवरची भांडी खणखणली. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या धक्क्याची तीव्रता ४.५ नोंदवली. भूकंपाचं केंद्र कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या परिसरात होतं. लोक लेकराबाळांना घेऊन अंगणात येतात न येतात तोच सहा वाजून एकोणीस मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसला. पुढे १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. या वेळी नाव आलं कळमनुरी तालुक्यातल्याच रामेश्वर तांड्याचं.

मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने एक साधं आवाहन केलं होतं: ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. बातम्यांच्या गर्दीत ते वाक्य मागे पडलं. मराठवाड्यातल्या घरांसाठी त्या वर्षी त्याहून उपयोगी वाक्य क्वचितच कुणी उच्चारलं असेल. भूकंपात घर का पडतं, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. घराचं ओझं किती, त्यापेक्षा ते कुठे ठेवलं आहे यावर पुष्कळ काही ठरतं.

दगड वर कुणी हौसेने ठेवत नाही. वैशाखातली वावटळ आणि मृगाच्या तोंडावरचं वादळ पत्रे कसे उचलून नेतात, हे हिंगोलीत कुणाला सांगायला नको. जुन्या माळवदावर दरवर्षी पांढऱ्या मातीचा थर चढायचा तो गळती थांबावी आणि उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून. पाण्याची टाकी गच्चीवर चढते कारण नळाला रोज पाणी येत नाही. हळदीची पोती माडीवर चढतात कारण भाव पडलेला असतो. प्रत्येक ओझ्यामागे रास्त कारण आहे. म्हणूनच ‘काढून टाका’ एवढं सांगून भागत नाही. त्या ओझ्याचं काम दुसऱ्या कशाने होईल, हेही सांगावं लागतं.

आधी यामागचं शास्त्र. एसटीत उभ्याने प्रवास करताना ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला की पाय गाडीबरोबर थांबतात आणि धड पुढे जातं. डोक्यावर गाठोडं असेल तर तोल हमखास जातो. भूकंपात जमीन घराचा पाया असाच मागेपुढे ओढते. पाया जमिनीबरोबर जातो, वरचं वजन मात्र जागेवर राहू पाहतं. या ओढाताणीतून जो आडवा जोर तयार होतो, तो वजनाच्या प्रमाणात वाढतो. वजन दुप्पट झालं की जोरही साधारण दुप्पट. आणि ते वजन जितकं उंचावर, तितका खालच्या भिंतींवर आणि खांबांवर त्याचा ताण जास्त. आपल्या भिंती वरून खाली येणारा भार पिढ्यान् पिढ्या पेलत आल्या आहेत. आडव्या जोराची सवय त्यांना नाही.

हे आकड्यांत बघितलं की नीट उमजतं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा एक खण घेऊ. त्यावर लोखंडी पत्रे टाकले तर नुसत्या पत्र्यांचं वजन पन्नास किलोच्या आसपास भरतं. त्यावर दहा-पंधरा किलोचे वीस दगड ठेवले की छपराच्या चार ते सहा पट वजन सुट्या दगडांचं होतं. तेवढ्याच खणावर पाच इंची स्लॅब टाकला तर सुमारे तीन टन. आणि माळवदावर दीड फूट माती असेल तर तिचं वजन पावणेसात टनांच्या घरात जातं. दोन फूट असेल तर नऊ टन. हे कोरड्या मातीचं गणित झालं. पावसात भिजलेली माती याहून जड.

किल्लारीला नेमकं हेच झालं. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. ६.२ हा जगाच्या हिशेबात फार मोठा भूकंप नव्हे. माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, त्यांचा सांधा मातीचा, आणि वर वर्षानुवर्षं चढत गेलेलं मातीचं धाबं, म्हणजे माळवदच. भिंत बाहेरून भक्कम दिसायची, पण आत ती दोन वेगळ्या पडद्यांची होती: बाहेरच्या बाजूला एक थर, आतल्या बाजूला एक थर आणि मध्ये बारीक दगड-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळपास नव्हतेच. हादऱ्यासरशी दोन्ही पडदे सुटे झाले, भिंत फुगली, ढासळली, आणि तिच्यावरचं टनांनी वजनाचं छत झोपलेल्या माणसांवर आलं. माती इतकी बारीक की ढिगाऱ्याखाली श्वास घ्यायलाही फट उरली नाही.

त्याच गावांमध्ये काही घरांनी वेगळी साक्ष दिली. जिथे धाब्याचा भार भिंतींवर न टाकता लाकडी खांब आणि तुळयांच्या खणांवर घेतलेला होता आणि लाकडाचे सांधे घट्ट होते, तिथे भिंती कोसळल्या तरी कित्येक ठिकाणी छत उभं राहिलं. भिंती बाहेर पडल्या, माणसं आत वाचली. हिंगोली, सेनगाव, औंढा, वसमत, कळमनुरी या तालुक्यांतल्या जुन्या गावठाणांत अजूनही माळवदाची घरं आहेत, त्यांच्यासाठी ही साक्ष मोलाची आहे. घर जुनं म्हणजे धोक्याचंच, असं नाही. भार कशावर आहे ते आधी तपासावं.

जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे हीच गोष्ट घडली. तिथली जुनी लाकडी घरं वादळात टिकावीत म्हणून छपरावर मातीत बसवलेली जड कौलं असत. वादळापुढे ती टिकली. भूकंपात त्याच कौलांच्या भाराखाली हजारो घरं बसली आणि सहा हजारांहून जास्त माणसं मेली. वाऱ्याविरुद्ध वर चढवलेलं वजन भूकंपात उलटतं, हे आपल्या पत्र्यावरच्या दगडांनाही लागू आहे.

मग माळवदाच्या घरात करायचं काय? पहिलं काम, माती उतरवणं. एक वीत थर ठेवून बाकीची माती काढावी. गळतीची भीती असेल तर उरलेल्या थराखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. उतरवतानाही तोल राखायचा असतो. एका बाजूची सगळी माती आधी काढून दुसरीकडे ढीग लावला तर जुनी तुळई तिथेच दगा देते. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, थराथराने काढावी आणि त्या वेळी खाली कुणाला बसू देऊ नये. माती निघाली की लाकूड उघडं पडतं. मग वाळवी लागलेली, भिंतीत शिरलेल्या टोकाशी कुजलेली तुळई दिसून येते. ती बदलावी किंवा तिच्याखाली नवा खांब द्यावा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी तिरका लाकडी टेकू ठोकला की खण कलंडत नाही.

भिंतीचं काम थोडं किचकट आहे, पण गावातल्या गवंड्याच्या आवाक्यातलं आहे. भिंतीच्या एका बाजूचा दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांच्या आत असा एक जोड मिळाला की भिंतीचे दोन पडदे एकमेकांना धरतात. नवी दगडी भिंत बांधायची असेल तर जाडी दीड फुटाच्या वर नेऊ नये. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज मराठवाड्यात खोलवर रुजलेला आहे, आणि किल्लारीने तो हजारो घरांत खोटा ठरवला. जाडीबरोबर वजन वाढतं, वजनाबरोबर आडवा जोर वाढतो. सांधा मातीचाच राहिला तर ताकद मात्र वाढत नाही.

पत्र्याच्या घराचा उपाय स्वस्त आहे. खाली लोखंडी पाइप किंवा अँगलचा सांगाडा, त्याला पत्रे धरून ठेवणारे आकड्याचे नटबोल्ट, त्याखाली डांबरी वॉशर. कडेच्या ओळीत बोल्ट जवळजवळ घ्यावेत, कारण वारा कडेनेच पत्रा उचलतो. सांगाडाही भिंतीवर नुसता टेकवू नये. काँक्रीटच्या पट्ट्यात गजाने अडकवावा. नाहीतर दगड गेल्यावर वादळात पत्र्यासकट सांगाडा उडेल. म्हणून क्रम लक्षात ठेवावा: आधी बोल्ट, मग दगड खाली. बोल्टला पैसे जमेपर्यंत निदान दारावरचे, बाजेवरचे आणि पाळण्याच्या जागेवरचे दगड तरी आजच हलवावेत.

आता गावाबाहेर, रस्त्याला लागून उभ्या राहिलेल्या स्लॅबच्या घरांकडे वळू. इथे वजन किती यापेक्षा ते एका अंगाला किती झुकलं आहे, हा प्रश्न मोठा. प्रत्येक इमारतीत दोन मध्य असतात. एक वजनाचा. दुसरा तिला धरून ठेवणाऱ्या खांब-भिंतींच्या ताकदीचा. दोन्ही जवळजवळ असले तर भूकंपात घर सरळ मागेपुढे हलतं. ते लांब पडले की घर पिळवटतं. पिळवटताना ताकदीच्या मध्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यातल्या खांबांना सर्वांत जास्त सरकावं लागतं, आणि बहुधा तेच आधी तुटतात.

हा तोल बिघडवणारी बांधणी आपल्याकडे रोजच्या पाहण्यातली आहे. खाली स्लॅब पडला, पैसे संपले, सळया गच्चीवर उभ्या ठेवल्या. चार वर्षांनी मुलाचं लग्न ठरलं आणि मागच्या अर्ध्या भागावर दोन खोल्या चढल्या. पुढची अर्धी गच्ची मोकळी. झालं, वजन मागे सरकलं. मधल्या काळात त्या उघड्या सळया गंजल्या ते वेगळंच. वर बांधायचंच असेल तर पूर्ण मजला बांधावा, नाहीतर हलक्या भिंती आणि पत्र्याचं छत घेऊन तो अर्धा भाग हलका ठेवावा. गंजलेल्या सळईवर नवा खांब उभा करू नये.

चौकातला कोपऱ्याचा प्लॉट सगळ्यांना हवा असतो. दोन्ही रस्त्यांकडे शटरचे गाळे, मागच्या दोन बाजूंना नऊ इंची विटांच्या भिंती, वर राहती घरं. म्हणजे पुढच्या दोन बाजूंना नुसते खांब आणि मागे भक्कम भिंती. ताकद सगळी मागच्या कोपऱ्यात. १९ सप्टेंबर १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात पडलेल्या इमारतींमध्ये अशा कोपऱ्यावरच्या इमारतींचं प्रमाण फार मोठं होतं. गाळे हवेतच, पण मग शटरच्या बाजूच्या खांबांची जाडी वाढवावी आणि एखाद्या खांबाला लागून तीन-चार फुटांची काँक्रीटची भिंत त्या बाजूलाही द्यावी. हे बांधतानाच ठरवायचं असतं आणि ते ठरवायला स्ट्रक्चरल इंजिनियर लागतो, गवंड्याचा अंदाज इथे पुरत नाही.

खालचा मजला पूर्ण मोकळा ठेवून वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले चढवले की काय होतं ते अहमदाबादने २६ जानेवारी २००१ ला बघितलं. भूकंप कच्छमध्ये, भुजजवळ. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून दूर. तरीही शहरात शंभराहून अधिक इमारती पडल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या खाली पार्किंगची मोकळी जागा होती. वरचं सगळं वजन एकसंध हललं आणि त्याचा सगळा ताण खालच्या उघड्या खांबांवर आला. हिंगोलीत आता अपार्टमेंट उभी राहू लागली आहेत. फ्लॅट घेताना टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघण्याआधी पार्किंगमध्ये उभं राहून खांब मोजावेत, त्यांची जाडी बघावी आणि नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनियरची सही आहे का ते विचारावं.

गॅलरी बंद करून खोली काढण्याची चाल तर गल्लोगल्ली आहे. तीन-चार फूट बाहेर आलेल्या सज्जावर विटांची भिंत चढते. दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची भिंतीचं वजन चार टनांच्या आसपास असतं. ते सगळं खांबांच्या ओळीच्या बाहेर, अधांतरी. सज्जा बंद करायचाच असेल तर पत्रा, ॲल्युमिनियम किंवा फायबरची जाळी वापरावी.

आणि हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीचा मोंढा हळदीसाठी दूरवर ओळखला जातो. भाव वाढेपर्यंत माल घरात ठेवणं हा शेतकऱ्याचा एकमेव बचाव असतो. पण पन्नास किलोची शंभर पोती म्हणजे पाच टन. माडीवरच्या एकाच खोलीत, एकाच भिंतीला लावून त्यांची थप्पी रचली, की निवासासाठी बांधलेला मजला गोदाम होतो आणि तेही एका बाजूचं. मेक्सिको सिटीत त्याच १९८५ च्या भूकंपात सान अंतोनियो अबाद भागातले शिलाई कारखाने कोसळून कामगार बाया मोठ्या संख्येने मेल्या. वरच्या मजल्यांवर यंत्रं आणि कापडाचे जड गठ्ठे भरलेले होते. आपल्याकडे शक्य तिथे माल जोत्यावर, खालच्या मजल्यावर, लाकडी फळ्यांवर ठेवावा. माडीवरच ठेवायचा असेल तर तुळईच्या रेषेवर, दोन-तीन खोल्यांत वाटून आणि छातीच्या उंचीपर्यंतच. थप्पी आणि झोपायची जागा यांत अंतर हवंच. धक्क्यात इमारत उभी राहिली तरी थप्पी कोसळते.

भूकंपात टिकणाऱ्या इमारतींच्या आखणीसाठी भारतीय मानक आय.एस. १८९३ आहे. त्याची २०१६ ची आवृत्ती सांगते की एखाद्या मजल्याचं वजन त्याच्या खालच्या मजल्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर ती इमारत वजनाने अनियमित समजावी आणि तिचा हिशेब वेगळा, बारकाईने करावा. घरमालकाने आकडेमोड करायची गरज नाही. वर चढत जाताना घर हलकं होत जातंय की जड, एवढं बाहेर उभं राहून बघितलं तरी पुष्कळ कळतं.

टाकीचं गणित सोपं आहे. हजार लिटर म्हणजे एक टन. चार इंची विटांच्या ओट्यावर, जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर, इमारतीच्या एका कोपऱ्यात ती ठेवली की वजन सर्वांत उंचावर आणि सर्वांत एका बाजूला गेलं. टाकी खांबांच्या माथ्यावर, तुळयांच्या छेदावर असावी. ओटा बुटका असावा. एका मोठ्या टाकीऐवजी पाचशेच्या दोन, घराच्या दोन अंगांना ठेवल्या तर भार वाटला जातो. पाण्याचा साठाच मोठा हवा असेल तर हौद जमिनीत बांधावा आणि वर फक्त दिवसापुरतं पाणी चढवावं. टाकी पट्टीने बांधून ठेवावी, नाहीतर हादऱ्यात ती सरकते आणि पाइप तुटून पाणी भिंतीत मुरतं.

काळ्या जमिनीवरच्या घरांबद्दल एक सावधानता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतींना तिरक्या भेगा पाडते. मार्च आणि जुलैच्या धक्क्यांनंतर ज्या भेगा दिसल्या त्यांतल्या काही आधीच्याही असू शकतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांत अंतर वाढलं तर पाया हलतोय. जिथे घराचा एक भाग जड आणि दुसरा हलका आहे, तिथे काळ्या मातीवर जड भाग जास्त खचतो आणि घर भूकंपाआधीच कलायला लागतं.

साडेचारच्या धक्क्यांनी मोठी पडझड झाली नाही, म्हणून घर तावून सुलाखून निघालं असं मात्र कुणी समजू नये. ४.५ आणि ६.२ यांच्यात ऊर्जेचा फरक सुमारे साडेतीनशे पट आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे आवाज लोक वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. नांदेड शहरानेही २००६ पासून बारीक धक्क्यांची मालिका अनुभवली, आणि तिथे पुढे मोठा भूकंप आला नाही. किल्लारीलाही १९९२ मध्ये अशीच मालिका होती, आणि तिथे वर्षभराने आला. १९९३ पर्यंत तो भाग देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोजला जात होता. धक्क्यांवरून भविष्य सांगता येत नाही.

घरकुलाचं किंवा स्वतःच्या पैशाचं नवं घर बांधणाऱ्यांसाठी काम सोपं आहे, कारण त्यांना काही उतरवायचं नाही. घर शक्यतो चौकोनी, लांबी रुंदीच्या तिपटीच्या आत. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट दूर आणि समोरासमोरच्या भिंतींत सारख्या. जोत्यावर, दारांच्या वर आणि छताखाली असा तीन ठिकाणी सळईसह काँक्रीटचा पट्टा, सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरवलेला. कठडा विटांचा न बांधता पाइपचा. सळईचा आणि सिमेंटचा जादा खर्च घराच्या एकूण खर्चात थोडाच असतो. गवंड्याला मजुरीचा भाव विचारताना पट्ट्याचा भाव वेगळा विचारावा आणि तो कागदावर लिहून घ्यावा. घाईत सर्वांत आधी गाळला जातो तो दारावरचा पट्टा. तो भरला जाईल त्या दिवशी घरातल्या कुणीतरी तिथे उभं राहावं.